किव्हेलांच्या गॅरेजमधला अपुरा सांधा

१

शनिवारी सकाळचे आठ वाजले तरी डेल्मर किव्हेलाच्या अंगणातला बर्फ कुणी ओढला नव्हता. शेजारच्या फ्लॉइड युटिलाला तेवढ्यावरूनच कळलं, की काहीतरी बिघडलंय. तीस वर्षं डेल्मर सातच्या आत फावडं घेऊन बाहेर पडायचा आणि स्वतःचं अंगण झालं की फ्लॉइडच्या बाजूचाही पट्टा ओढून टाकायचा. दोघं बोलत नव्हते हा भाग वेगळा. डेल्मरचं गॅरेज फ्लॉइडच्या हद्दीत दोन फूट आलंय, यावरून सहा वर्षं अबोला होता. पण तामरॅक लेक गावात अबोला असला तरी बर्फ ओढायचा असतो.

फ्लॉइडने गॅरेजचं बाजूचं दार ढकललं. दाराच्या आतच, नव्याकोऱ्या कोब्यावर डेल्मर आडवा पडला होता. अंगात जाड कोट, पायात बूट. अंग लाकडासारखं झालेलं. खोलीच्या मध्यावर रॉकेलवर चालणारी त्याची लांबुळकी भट्टी उभी होती. त्या भागात तिला सगळे तोफच म्हणतात. तिच्या टाकीत थेंब नव्हता. समोरचं मोठं दार बंद, आणि त्याच्या खालच्या फटीत गोधडीसारखी जाड कांबळी कोंबलेली.

शेरीफ क्लेटन हा एक्केचाळीस वर्षांचा, घाईचा माणूस. दुपारपर्यंत त्याने निकाल लावूनही टाकला.

"धुराने गेला," तो इलीनला म्हणाला. "दारं बुजवून, तोफ लावून बसला. खाणीत मेकॅनिक होता हो तो, चाळीस वर्षं. धुराने माणूस मरतो हे त्याला काय सांगायला पाहिजे? चुकून असं करणार नाही तो."

इलीन सँडविक काउंटीच्या कचेरीत अपमृत्यूंचे कागद तयार करायची. वय अठ्ठावन्न. मार्चमध्ये तिचा नवरा गेला, आणि तेव्हापासून दातवाल्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा होतो तशी ती सगळीच झाली होती. चावलं तरी कळत नव्हतं. लोक म्हणायचे, इलीन किती धीराची. धीर कसला, तिथे काही शिल्लकच नव्हतं. कामावर मात्र ती एक दिवस चुकली नाही.

"डॉक्टर वेळ काय सांगतात?" तिने विचारलं.

"गुरुवारी रात्रीपासून शुक्रवारी रात्रीपर्यंत कधीही. आधी भट्टीचा ताप, मग हाडं गोठवणारी थंडी. याहून नेमकं सांगता येणार नाही म्हणाले. पण गुरुवारी हा कोबा घातला तो ऑरिन हॉव्हलँड शुक्रवारी सकाळी त्याच्याशी बोललाय. म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ. आणि कारणही सापडलंय." क्लेटनने डेल्मरच्या स्वयंपाकघरातल्या टेलिफोनकडे बोट केलं. "लेकीचा निरोप. यंत्रावर न ऐकलेल्या निरोपाचा लाल दिवा लुकलुकत नव्हता, म्हणजे त्याने तो ऐकलेला होता."

लेक तेवढ्यात पोचली होती. आयला, चौतीस वर्षांची, मिनिॲपोलिसहून चार तास गाडी हाणत आलेली. कोट न काढता ती खुर्चीत बसली होती.

"वाजवा," ती म्हणाली. "मी काय बोलले ते मला माहितीय. तरी वाजवा."

क्लेटनने बटण दाबलं. आयलाचाच आवाज आला. "बाबा, शुक्रवार आहे, पावणेचार वाजलेत. मी गुरुवारी येत नाहीये. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला नाही, नाताळलाही धरू नका. आई गेल्यावर तुम्ही त्या घरात एक शब्द बोलला नाहीत, आणि मी तिथे बसून बटाटे चिवडत राहायचं? मला नाही जमत. वाट बघू नका."

क्लेटनने यंत्र बंद केलं. मग आयलाने इलीनकडे पाहून अगदी साध्या सुरात विचारलं, "म्हणजे मी मारलं ना त्यांना?"

२

या प्रश्नाला उत्तर देणं इलीनच्या नोकरीत बसत नव्हतं. कागदावर एक शब्द लिहायचा आणि सोमवारी सही करायची, एवढंच काम. पण तो एक शब्द आयला जन्मभर वाचणार होती. म्हणून रविवारी सकाळी, चर्च चुकवून, इलीन एकटीच गॅरेजमध्ये गेली.

तिचे वडील एनार या भागातले कोबेवाले. तळघरं, गॅरेजं, दुधाच्या गोठ्यांच्या जमिनी, सगळं त्यांनी गुडघ्यांवर बसून घोटलेलं. लहानपणी इलीन त्यांच्या गुडघ्यांखालच्या फळ्या उचलून पुढे सरकवायची. कोबा बघायची नजर तिला तिथूनच आली.

कोबा चांगला होता. चोवीस फूट लांब, चोवीस फूट रुंद, उतार बरोबर दाराकडे. काँक्रीट सुकताना आकसतं आणि तडकतं, म्हणून दुसऱ्या दिवशी करवतीने त्यात चिरा पाडतात. तडकायचंच असेल तर या सांध्यात तडक, असं त्याला बजावलेलं असतं. इथेही दोन चिरा अधिकच्या चिन्हासारख्या पाडलेल्या होत्या. शेरीफची माणसं बूट घालून सगळीकडे फिरली होती, वर झाडूही मारून गेली होती. क्लेटनच्या लोकांना स्वच्छतेची भारी हौस.

तिने कांबळी पाहिली. ती मोठ्या दाराखाली, वायव्येच्या कोपऱ्याकडे जास्त कोंबलेली होती. बाजूच्या दाराला मात्र बोटभर फट, आणि तिथे काहीच नाही. डेल्मर तर त्याच दाराशी पडला होता. मरायला बसलेला माणूस दूरची फट बुजवून जवळची उघडी ठेवील?

मग ती सवयीने गुडघ्यांवर बसली आणि तळहात कोब्यावरून फिरवला. हात उलटा करून पाहिला. तळवा पांढरा झाला होता, पिठात बुडवल्यासारखा.

पुन्हा घासला, पुन्हा पांढरा. भट्टीच्या तोंडासमोर तर नखाने ओरखडलं तरी पूड निघत होती. कडेकडेला कोबा दगडासारखा होता.

वडिलांचं बोलणं तिला आठवलं. "ओल्या कोब्याला धूर पाजू नये, इलीन. एकदा का तो कडक झाला की हवा तेवढा धूर कर. पण पहिल्या रात्री धूर लागला की त्याची कातडी मरते."

कोबा गुरुवारी घातलेला, म्हणजे पहिली रात्र गुरुवारची. आणि क्लेटनच्या म्हणण्याप्रमाणे तोफ पेटली शुक्रवारी.

इथे कुठंतरी पाणी मुरत होतं.

३

फ्लॉइड युटिला चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याने इलीनला कॉफी दिली, पाव दिला, वर पावाला लावायला लोणीही दिलं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं दिलं नाही.

"तुमचं आणि डेल्मरचं भांडण होतं," इलीन म्हणाली.

"भांडण कसलं? आम्ही कधी आवाज चढवला नाही."

"सहा वर्षं बोलत नव्हतात."

"तेच म्हणतोय मी. न बोलता भांडण कसं होईल?" फ्लॉइडने चमचा उगाच ढवळला. "दोन फूट जमीन माझी आहे, हे खरं. जुन्या गॅरेजला खाली नुसती माती होती, मी म्हटलं पडेल कधीतरी आपोआप. आता त्याने कोबाच घातला. म्हणजे कायमचंच झालं की. पण मी त्याला मारीन, असं वाटतं का तुला?"

"नाही वाटत. शुक्रवारी काय ऐकलंत?"

"सकाळी आठला करवत. ऑरिनचा ट्रक उभा होता. कानठळ्या बसल्या माझ्या. वीसेक मिनिटं चालली, मग ट्रक गेला. म्हटलं चला, झालं काम."

"डेल्मर दिसला?"

"नाही दिसला. पण आम्ही एकमेकांना दिसत नसतोच गं, आम्ही तसे पाहतच नाही."

"आणि शनिवारी शेरीफला फोन कुठून केलात?"

"त्याच्या स्वयंपाकघरातून. जवळचा तोच." फ्लॉइडचे कान लाल झाले. तो उठला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा विसळायला लागला.

खाई त्याला खवखवे, म्हणतात. पण म्हातारा काय खाऊन बसलाय ते इलीनला कळेना. ती दाराशी पोचली तेव्हा तो पाठमोराच म्हणाला, "ती पोरगी... फार रडतेय का?"

"एक थेंब नाही."

फ्लॉइडच्या हातातली बशी सिंकमध्ये आपटली.

४

ऑरिन हॉव्हलँड सोमवारी सकाळी टेकडीवरच्या दातांच्या डॉक्टरच्या तळघरात सापडला. तिथलाही कोबा नवाच होता, गुरुवारीच घातलेला. ऑरिन कोब्यावर पाणी मारत होता. पन्नाशीचा, रुंद, खाली बघून बोलणारा माणूस. सतराव्या वर्षी तो इलीनच्या वडिलांकडे काम शिकायला आला होता.

"इलीन," तो म्हणाला. "सुदैवच म्हणायचं, की एनार हे बघायला नाहीत. मी घातलेल्या कोब्यावर माणूस मरावा."

"सांग मला. गुरुवारपासून."

त्याने कामाची वही उघडून दाखवली आणि पाठ केल्यासारखं सांगितलं. गुरुवारी दुपारी काँक्रीट ओतलं. सहापर्यंत घोटून झालं. ऊब द्यायला त्याची नळीची भट्टी बाहेर लावली होती. ती धूर बाहेर टाकते आणि नुसती गरम हवा नळीतून आत सोडते. ती रात्रभर चालली. शुक्रवारी आठला येऊन त्याने चिरा पाडल्या. डेल्मर दारात कॉफी पीत उभा होता. मग भट्टी ट्रकवर चढवून ऑरिन निघून आला. "त्याला म्हटलं, आता कांबळी टाक आणि गप्प बस. तोफ आत नेऊ नकोस म्हणून बजावलं होतं. ऐकलं नाही त्याने."

"काय बोलला तो, कॉफी पिताना?"

ऑरिनचा पाइप क्षणभर एकाच जागी पाणी सोडत राहिला. "काही नाही. डेल्मर कुठे बोलायचा?"

उत्तर चोख होतं. डेल्मर खरंच बोलत नसे.

इलीन जिना चढून वर आली. डॉक्टरची बायको ओट्याशी भोपळ्याचा गर काढत होती. खिडकीबाहेर नळीची भट्टी घुर्र करत उभी होती, नळी तळघराच्या खिडकीतून आत गेलेली.

"फार प्रामाणिक माणूस आहे हो," बाई म्हणाली. "गुरुवारी आमच्याकडे त्याचा माणूस काम करून गेला, आणि थंडी पडायला लागली तशी मला धास्ती. सातच्या बातम्या सुरू होत होत्या, तेव्हा हा स्वतः आला भट्टी घेऊन. तेव्हापासून बंद म्हणून नाही."

"गुरुवारी? शुक्रवारी नव्हे?"

"अहो गुरुवारीच. त्याला मी जेवायला थांब म्हटलं, तर म्हणाला त्रास नको."

५

एक भट्टी दोन ठिकाणी चालत नाही. गुरुवारी रात्री डेल्मरचा ओला कोबा तापवत होती ती त्याची स्वतःची तोफ, आणि ऑरिन खोटं बोलत होता. एवढं तर झालं. पण ऑरिन खोटं बोलला म्हणून डेल्मर गुरुवारी मेला, असं सिद्ध होत नाही. गुरुवारी तोफ पेटली, कोबा खराब झाला, डेल्मर शुक्रवारी सकाळी जिवंत होता आणि निरोप ऐकून त्याने पुन्हा तीच तोफ पेटवली, असंही होऊ शकतं. क्लेटन हेच म्हणेल. आणि आयलाचा प्रश्न जिथल्या तिथे राहील.

इलीन कचेरीत गेली. कागदी पिशवीतून डेल्मरचा कोट काढून टेबलावर पसरला. डेल्मर डाव्या कुशीवर पडलेला सापडला होता. कोटाच्या डाव्या अंगाला कोब्याची थोडी पांढरी पूड होती. उजव्या अंगाला, म्हणजे वरच्या बाजूला, खांद्यापासून खालपर्यंत करडी, बारीक धूळ सारखी पसरलेली. शनिवारी क्लेटन म्हणाला होता, गॅरेजमध्ये पडलेल्या माणसाला धूळ लागणारच. पण जमिनीची धूळ खालून लागते. ही वरून पडली होती.

ती पुन्हा गॅरेजमध्ये गेली आणि या वेळी चिरांच्या मागे चालली. उत्तर-दक्षिण चीर भिंतीपासून भिंतीपर्यंत गेली होती, दोरीसारखी सरळ. पूर्व-पश्चिम चीर पश्चिमेच्या भिंतीपासून निघाली, मध्य ओलांडून पुढे आली, आणि बाजूच्या दारापासून चार फुटांवर थांबली. तिच्या टोकापासून एक केसाएवढा तडा वेडावाकडा भिंतीकडे पळत गेला होता.

अपुरी चीर ठेवण्यापेक्षा ऑरिनने बोट तोडून घेतलं असतं. त्याला एनारने शिकवलं होतं.

इलीन त्या चार फुटांकडे पाहत उभी राहिली. शनिवारी इथेच बूट होते, डेल्मरचे.

६

दुपारी तिने सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. क्लेटन घड्याळ बघत आला. फ्लॉइड टोपी हातात घेऊन आला. ऑरिन आला आणि कोब्यावर पाय न ठेवता उंबऱ्यावरच थांबला. आयला भिंतीला टेकून उभी होती. दोन दिवसांत तिने काही खाल्लं नव्हतं, आणि तिला त्याची आठवणही नव्हती.

"ऑरिन," इलीन म्हणाली, "ती चीर पुरी का नाही केलीस?"

ऑरिनने चिरेकडे पाहिलंच नाही. "पातं बोथट झालं."

"त्याच पात्याने दुसरी चीर भिंतीपर्यंत गेली. आणि एक सांग. आठला करवत चालली हे तू म्हणतोस, फ्लॉइडही म्हणतो. कोरडी करवत, धुळीचा लोट. ती धूळ डेल्मरच्या कोटावर पडलीय, पण एकाच अंगावर, वरच्या. दारात उभ्या राहून कॉफी पिणाऱ्या माणसाच्या एकाच कुशीवर धूळ कशी बसली?"

क्लेटनने घड्याळावरून नजर काढली.

"तो आडवा होता," इलीन म्हणाली. "तू चीर पाडत आलास तेव्हा तो इथे आडवा होता. मेलेला. करवत त्याच्या बुटांपर्यंत आली आणि तू बंद केलीस. त्याला हलवायला तुझा हात उचलला नाही. बाकीचं कोबाच सांगतोय. त्याची कातडी मेलीय, म्हणजे पहिल्या रात्री इथे धूर होता. तुझी नळीची भट्टी तेव्हा टेकडीवर होती."

मग ऑरिन उंबऱ्यावर खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी लहान निघाला.

"एका दिवशी दोन कोबे, आणि भट्टी एकच," तो म्हणाला. "मी डेल्मरला म्हटलं, तुझी तोफ लावली तर चालेल का, फार त्रास नसेल तर. त्याने म्हणायला हवं होतं, नाही चालणार. पण तो म्हणाला, हो हो, का नाही. मोठं दार हातभर उघडं ठेवलं होतं मी, इलीन. शपथेवर. पण सुटलं वारं वायव्येचं. तो कोपरा गोठला असता. गोठला की पापुद्रे निघतात, आणि लोक म्हणतात हॉव्हलँडचा कोबा. म्हणून मीच दार खाली केलं, मीच कांबळी कोंबली. त्याला म्हटलं, आत बसू नकोस, नुसतं डोकावून जा. तो म्हणाला, बरं."

"आणि तो बघायला आला."

"नवा कोबा बघायला कोण येत नाही?" ऑरिन हातांकडे बघत होता. "सकाळी दार उघडलं तर तो पडलेला. थंडगार. तोफ विझलेली. मी उभा राहिलो, किती वेळ माहीत नाही. मग मी करवत चालू केली. चिरा पाडायची वेळ झाली होती, एवढंच डोक्यात होतं. हातांनीच केलं सगळं. मला काही वाटतच नव्हतं. नंतर परत दार लावलं, कांबळी होती तशी केली आणि त्याच्या अंगावरून पाय टाकून बाहेर पडलो. म्हटलं, दुपारपर्यंत कुणाला तरी सापडेल. दिवसभर फोनपाशी बसलो. शुक्रवारी कुणी आलंच नाही त्याच्याकडे."

भीड ही भिकेची बहीण, असं आपण म्हणतो. इथे ती त्याहूनही पुढे गेली होती. एकाने मागायला नको ते भिडेभिडेने मागितलं, दुसऱ्याला नाही म्हणवेना.

"थांबा," क्लेटन म्हणाला. "गुरुवारी मेला, कबूल. मग निरोप कुणी ऐकला? दिवा लुकलुकत नव्हता. मी स्वतः पाहिलंय."

इलीन फ्लॉइडकडे वळली. तिने काही विचारण्याआधीच म्हातारा बोलला.

"मी." टोपीचा पार चोळामोळा झाला होता. "शनिवारी फोन करायला आत गेलो. लाल दिवा लुकलुकत होता. वाटलं, तातडीचं काही असेल, कुणाला कळवायचं असेल. दाबलं बटण. आणि मग ते... बापलेकीचं बोलणं. ते आपण ऐकायचं नसतं. मधेच थांबवायचं कसं तेही कळेना, सगळं वाजलं. मग शेरीफ आले आणि म्हणाले त्याने ऐकलं होतं. मी कसा सांगणार, की मी लोकांच्या घरातलं ऐकतो? वाटलं, माझ्या सांगण्याने काय फरक पडतो, माणूस तर गेलाच." त्याने प्रथमच आयलाकडे पाहिलं. "फरक पडत होता. आलं माझ्या लक्षात, काल इलीन येऊन गेल्यावर. तरी रात्रभर तोंड उघडवेना. मला माफ कर, पोरी."

आयलाने त्याला नुसती मान हलवून दाखवली, रस्त्यात ओळखीचं कुणी भेटल्यावर हलवावी तशी.

७

क्लेटन ऑरिनला गाडीत बसवून घेऊन गेला. बेड्या घातल्या नाहीत. ऑरिनने आधी ट्रकमधली हत्यारं पुसून ठेवू का असं विचारलं, आणि क्लेटनने ठेवू दिली. फ्लॉइड घरी गेला. गॅरेजमध्ये दोघीच उरल्या.

"कागदावर काय लिहाल?" आयलाने विचारलं.

"अपघात. गुरुवार, अठरा नोव्हेंबर, रात्री."

"म्हणजे त्यांनी ऐकलंच नाही."

"नाही. तू बोललीस तेव्हा त्यांना जाऊन अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ झाला होता."

आयलाने मोठा श्वास घेतला. इलीनला वाटलं, आता रडेल, आता मोकळी होईल. तिने पर्समधला रुमालही चाचपला. पण आयला तशीच उभी राहिली.

"मला वाटलं होतं, हे ऐकलं की सुटेन मी," ती म्हणाली. "गंमत बघा. ते गेले तेव्हा त्यांना वाटत होतं मी येणारच आहे. आणि मी तर येणार नव्हते."

इलीनने पर्स मिटली.

आयला अपुऱ्या चिरेच्या कडेने चालत गेली आणि परत आली. "एका दिवशी दोन कोबे कशाला घेतले त्या माणसाने? एक शुक्रवारी घालायचा. सोमवारी घालायचा. भट्टी तर एकच होती."

"डॉक्टरकडचा आधीच ठरला होता. हा त्यानंतर घालायचा होता. ऑरिनच्या वहीत सोमवार लिहिलेला होता, आज सकाळीच दाखवली त्याने मला. तुझ्या वडिलांनी खोडून गुरुवार करायला लावला. म्हणे गुरुवारच हवा, त्यानंतर चालणार नाही."

"बाबांनी? त्यांनी कधी कुणाकडे हट्ट केला नाही. दुकानदाराने शिळा पाव दिला तरी घेऊन यायचे. गुरुवारच का?"

इलीनला माहीत होतं. सकाळी वही पाहताक्षणीच माहीत झालं होतं. एनारच्या कुठल्याही पोरीला कळलं असतं. खोटं बोलता आलं असतं, वाराबिराचं काही सांगता आलं असतं, ऑरिनही आता ते खोडून काढायला आला नसता. पण दोन दिवस या मुलीने खऱ्याखेरीज काही मागितलं नव्हतं. आणि दोन माणसांनी तोंड मिटून बसण्याने काय झालं, ते आत्ताच सगळ्यांनी पाहिलं होतं.

"नव्या कोब्यावर माणूस दुसऱ्या दिवशी चालतो," ती म्हणाली. "गाडी लगेच चढवता येत नाही. सात दिवस थांबावं लागतं."

आयलाने ऐकलं. मग ती बोटांवर मोजायला लागली, शाळेतल्या मुलीसारखी, ओठ हलवत. शुक्रवार. शनिवार. रविवार. सोमवारपाशी ती थोडी अडखळली, कारण आजच सोमवार होता. मंगळवार, बुधवार. सातवं बोट तिने मिटलंच नाही, ते तसंच समोर धरून बघत राहिली.

"मागच्या थँक्सगिव्हिंगला सकाळी माझी गाडी चालू होत नव्हती," ती म्हणाली. "थंडीने. मी फार बोलले त्यांना. हे घर, ही थंडी, ते मातीच्या जमिनीचं गॅरेज, सगळ्यावरून. ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकतही नाहीत."

आणि मग ती रडली. आवाज न करता, उभ्या उभ्या, कोटाच्या बाहीत तोंड खुपसून. इलीनने रुमाल काढला, पण पुढे केला नाही, कारण तिला स्वतःलाच तो लागला. वाईट वाटत होतं. डेल्मरचं वाटत होतं, या मुलीचं वाटत होतं, ऑरिनचंही वाटत होतं, आणि त्या सगळ्याच्या खाली आठ महिने थांबून राहिलेलं स्वतःचं. ते दुखलं, आणि चांगलंच दुखलं.

बऱ्याच वेळाने आयलाने नाक पुसलं.

"गुरुवारी गाडी आत लावली तर चालेल का?"

"चालेल," इलीन म्हणाली. "हळू घे. आणि एकटी जेवू नकोस, माझ्याकडे ये. मला बटाटे बरे जमतात."